दुब्रोव्हनिकला जाताय? माझे 540 युरो कसे गेले ते आधी वाचा

ओटीपी मीच टाकला, हे आधीच कबूल करतो. "अहो, पण टाकलात कशाला?" हे बँकेने चार वेळा विचारून झालंय.

क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, तटबंदीच्या आतलं अपार्टमेंट, तीन रात्रींचे 540 युरो, पैसे तिथे गेल्यावर. बुकिंग खरं होतं. निघायच्या 23 दिवस आधी ॲपमधल्याच चॅटवर मालकिणीच्या नावाने मेसेज : कार्ड व्हेरिफाय करा, नाहीतर 12 तासांत बुकिंग रद्द. सोबत लिंक. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क) आणि त्यावरचा जीएसटी धरून 51,282 रुपये. खऱ्या चॅटमधला मेसेज होता हो, संशय घ्यायचा तरी कसा?

पण घ्यायला हवा होता. लिंक उघडण्याआधी मी विचारलं होतं, आईचे गुडघे दुखतात, सामान घेऊन किती चालावं लागेल? उत्तर आलं, "गाडी थेट दारापर्यंत येते, पार्किंग फ्री." दारापर्यंत! जुन्या शहरात गाड्या जात नाहीत, 'पिले' नावाच्या वेशीबाहेरच उतरायचं, हे आदल्याच रात्री मी आईला वाचून दाखवलं होतं. तरी ते उत्तर वाचून मला हायसं वाटलं. हायसं!

तिथे पोचल्यावर खरी मालकीण म्हणाली, मी काही पाठवलंच नाही. तिचं अकाउंट हॅक झालं होतं. पुन्हा 540 युरो मोजले. स्त्रादून या जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावरून वर चढणाऱ्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. आई दोनदा बसत बसत 74 चढली. 1,940 मीटरची तटबंदी, तेव्हा माणशी 35 युरो तिकीट होतं. बायको एकटीच फिरून आली. मी खाली ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी, बँकेच्या होल्डवर.

बँक म्हणते, "तीन दिवसांत कळवायला हवं होतंत." अहो, ते पैसे मी भाड्याचेच समजत होतो! साइट म्हणते मालकिणीशी बोला, मालकीण म्हणते साइटशी. पुण्यात पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "घटनास्थळ?" माझा सोफा लिहा म्हटलं. साहेबांना नाही आवडलं. तीन खेपा, अर्ज दोन प्रतींत, मग साहेब बंदोबस्ताला.

कार्डाची इंटरनॅशनल लिमिट शून्यावर ठेवा, लागेल तेव्हाच उघडा. "पैसे तिथे" लिहिलेलं असताना कुणी आधी मागितले तर चॅटवर उत्तर देऊ नका, थेट फोन लावा. आणि पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. माझ्यासारखे 23 दिवस नव्हे.

काल बँकेची मेल आली : आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. खाली पाच चांदण्या, किती देणार म्हणून.