आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) जोडप्यांसाठीचं समुपदेशन पॅकेज: समुपदेशक बाई उत्तम, ९० दिवसांची अट मात्र अन्यायाची

पॅकेज काय असतं ते उपचार घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. जोडप्यासाठी ६ सत्रं, व्हिडिओ कॉलवर, पैसे आगाऊ, मुदत ९० दिवस. मी जे लिहिते आहे ते मुख्यतः या मुदतीबद्दल.

आम्ही देवरुखकडचे, उपचार कोल्हापुरात. जानेवारीत इंजेक्शनं सुरू झाली त्याच दिवशी सेंटरच्या काउंटरवर पॅकेज घेतलं आणि मुदतीचं घड्याळ तिथूनच चालू झालं. पुढे स्त्रीबीजं प्रमाणाबाहेर तयार झाली. अंडाशय सुजण्याचा धोका म्हणून डॉक्टरांनी भ्रूण गोठवले आणि ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, पुढच्या पाळीवर टाकली. पुढच्या पाळीत गर्भाशयाचं अस्तर हवं तेवढं जाड झालं नाही, म्हणून परत पुढे. यात कुणाचाच दोष नाही, या उपचारात हे सर्रास होतं. मग ज्यांनी पॅकेज बनवलं त्यांना हे माहीत नसेल का? अखेर ट्रान्सफर झाली. त्यानंतर गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीपर्यंतचे साधारण दोन आठवडे ज्यांनी काढलेत त्यांना मी काय सांगू. रक्त दिसेल म्हणून बाथरूमला जायचीसुद्धा भीती वाटते. नेमक्या त्या दिवसांत बाईंची वेळ घ्यायला ॲप उघडलं, तर ‘आपल्या पॅकेजची मुदत संपली आहे’. दोन सत्रं शिल्लक, पैसे भरलेले, आणि खाली ‘नूतनीकरण करा’ असं बटण.

कस्टमर केअरला फोन केला तर, ‘मॅडम, पॉलिसी तशीच आहे.’ मी विचारलं, पाळी कधी येणार हे तुमच्या पॉलिसीला विचारून ठरतं का? पलीकडून काही उत्तर नाही. भाताच्या बियाण्यापासून गॅसच्या नळीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा हिशोब ठेवणारं आमचं घर. दोन सत्रांचे पैसे असे बुडाले याचा राग आलाच. त्याहून जास्त राग आला तो वेळेचा. त्या रात्री टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावला. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. वंध्यत्वाचं खास ज्ञान त्यांच्याकडून अपेक्षू नका, पण माझं पूर्ण ऐकून घेतलं.

आता समुपदेशनाबद्दल, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिल्याच सत्रात बाईंनी माझ्या आधी नवऱ्याला विचारलं, ‘तुमचं कसं चाललंय?’ तोवर त्याला सगळ्यांनी फक्त सॅम्पल मागितलं होतं. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आमच्यातही आहे. तरी वाडीत प्रश्न मलाच येतात आणि तो ते निमूट ऐकत असतो. त्या दिवशी तो बराच वेळ बोलला. मी स्कॅनला आत गेले की तो पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट टेन्शनची. ‘टेन्शन नको घेऊस गो, मग राहील’ हे मी शेजारच्या काकूंपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. म्हणजे राहिलं नाही तर तेही माझ्याच डोक्यामुळे. बाईंनी स्पष्ट सांगितलं की तसं नाही. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, साडेतीन हजारांवर बायका होत्या. उपचाराआधीच्या ताणामुळे त्या फेरीत गर्भ राहण्या न राहण्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. ताण कमी करायचा तो आपल्याला जगता यावं म्हणून. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली. पॅकेजचे पैसे तिथेच वसूल झाले असं मी म्हणेन.

घरात उपचाराचं बोलणं दिवसाला वीस मिनिटं, त्यानंतर बंद, हा त्यांचा नियम आम्ही अजून पाळतो. आणि शिमग्याचं. पालखी घरी आली की आमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं जातं, ‘हिची कूस उजव रे महाराजा’, आणि अख्खी वाडी ‘व्हय महाराजा’ म्हणते. माणसं मायेनंच म्हणतात, मला मात्र तिथे उभं राहवत नाही. बाईंना पालखी माहीत नव्हती, त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, कोणाशी बोलायचं ते आधी ठरवा आणि तुम्ही नाही, यांनी बोलायचं. नवरा मानकऱ्यांना जाऊन भेटला. यंदा गाऱ्हाणं घरच्या सगळ्यांच्या आरोग्याचं झालं. मी ओटी भरली, पालखीला खांदाही लागला.

गणपतीनंतरची भर: वरचं लिहिलं तेव्हा दोन स्टार दिले होते, आता साडेतीन करते. रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. २०२१ च्या एआरटी कायद्याने, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्याने, सेंटरला समुपदेशन देणं आणि तक्रार कक्ष ठेवणं दोन्ही बंधनकारक आहे. पॅकेज त्यांच्याच काउंटरवर विकलं गेलं, म्हणून त्या कक्षाकडे लेखी तक्रार दिली, पावतीची प्रत जोडून. दोन्ही सत्रं परत मिळाली. एकात आम्ही नुसते रडलो. दुसऱ्यात अजून किती वेळा करायचं आणि किती पैशांपर्यंत, हे दोघांनी मिळून ठरवलं. सासूबाईंनाही तो आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, ‘बरं केलंत.’

उरलेला दीड स्टार मी देणार नाही, कारण मुदत फक्त आमच्यासाठी वाढवली, नियम तसाच आहे. उपचार डॉक्टरांनी थांबवला की मुदतही थांबली पाहिजे. तोवर नव्याने घेणाऱ्यांनी पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी पॅकेज घेऊ नका. सुरुवातीला एकेक सत्र घ्या आणि ट्रान्सफरची तारीख पक्की झाली की मगच पॅकेजचे पैसे भरा. एकेका सत्राचा दर असतो, फक्त दरपत्रकात छापलेला नाही, काउंटरवर विचारावा लागतो.