२८ पानांचा रिपोर्ट

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची पहिली वेचणी झाली होती, घरोघरी थोडा पैसा आला होता. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. माझ्या माहेरकडची एक बाई घरी आली. लहानपणापासूनची ओळख, मी तिला ताई म्हणते. म्हणाली, "तुमच्या गटातल्या बायांची तपासणी करून देऊ. शंभर रुपयांत पूर्ण शरीर. सुई नाही, रक्त नाही." मी बचत गटाची सचिव. समाजमंदिराची किल्ली मीच आणली, सतरंज्या मीच टाकल्या. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

तिच्यासोबत पांढरा कोट घातलेला एक माणूस होता. सगळे त्याला सर म्हणत. डॉक्टर आहे असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि नाही असंही म्हणाला नाही. लॅपटॉपला वायरने जोडलेली पितळेची दांडी होती. वय, उंची, वजन विचारून तो टाइप करायचा आणि दांडी मिनिटभर मुठीत धरायला लावायचा. पडद्यावर रंगीत पट्ट्या पळायच्या, मग २८ पानं छापून निघायची. हृदय, किडनी, हाडं, पिशवी म्हणजे गर्भाशय, रक्तातलं लोह, सगळं त्यात.

पण बाया फसल्या त्या मशीनमुळे नाही. दांडी हातात देण्याआधी ताई एकेकीला कोपऱ्यात घेऊन बसायची. अंगावरून जास्त जाते का? पांढरं पाणी जाते का? कंबर दुखते का, चिडचिड होते का? आमच्याकडे हे कोणी विचारत नाही. दवाखान्यात गेलं तरी बाया "चक्कर येते" एवढंच सांगून परत येतात. त्या दिवशी दोघीतिघी रडल्या. मीही बोलले. माझी पाळी तेव्हा दहा-दहा दिवस चालायची, वेचणीला जाताना पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या न्यायचे. नवऱ्यालाही मी हे कधी नीट सांगितलं नव्हतं. मग रिपोर्टमध्ये तेच निघालं, 'गर्भाशयाला सूज, लोह किंचित कमी'. बाया म्हणाल्या, "माय माय, यायले तर सगळंच समजते!" आम्हीच अर्ध्या तासापूर्वी ते सांगितलं होतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्यानंतर पॅडचा प्रयोग झाला. दुकानातलं साधं पॅड फाडून पाण्यात बुडवलं आणि सांगितलं की ह्याच्यानेच पिशवीचा कॅन्सर होतो. त्यांच्या पॅडमध्ये हिरवी पट्टी होती, ती म्हणे रोग ओढून घेते. पॅड, पावडर आणि गोळ्या मिळून तीन महिन्यांचा किट ४,८०० रुपयांचा. दोन बाया जोडल्या तर आपल्या किटचे पैसे परत. अकरा जणींनी घेतला. सात जणींनी गटातून शेकडा दोन रुपये व्याजाने कर्ज उचललं, आणि वहीत 'आरोग्यासाठी' असं मी माझ्या अक्षरात लिहिलं. पैसे कोणालाच परत मिळाले नाहीत. पक्कं बिलही नव्हतं, कोऱ्या कागदावर फक्त आकडा.

तीन महिने मी पावडर घेतली. रक्त जाणं थांबलं नाही. ताईला फोन केला की उत्तर एकच: "घाण बाहेर पडते आहे, कोर्स सोडू नका." हे वाक्य तुम्हाला कोणी म्हटलं तर तिथेच थांबा. औषध लागू पडलं तरी त्यांचं खरं आणि नाही पडलं तरी त्यांचंच खरं, असं हे वाक्य आहे. फेब्रुवारीत मी धुऱ्यावर चक्कर येऊन पडले. आशाताईने उपकेंद्रात नेलं. सिस्टरने बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन निघालं ७.२. बाईचं कमीत कमी १२ तरी हवं. रिपोर्टात लिहिलं होतं 'किंचित कमी'. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पिशवीत गाठ होती. कॅन्सरची नाही, पण रक्त तिच्यामुळेच जात होतं. लोहाच्या सलाइन लागल्या, आता औषध चालू आहे. गावातल्या एका सुनेला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तिचाही रिपोर्ट काढला होता. त्या २८ पानांत सिकलसेल हा शब्दच नव्हता.

दहावीतल्या माझ्या पोरीने एक दिवस पावडरचा डबा उलटा करून बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही. ते छापणं कायद्याने त्यांना भागच असतं. तोंडी मात्र ते काहीही सांगतात. डब्यावरचा चौदा आकडी लायसन नंबर दाखवून ताई म्हणायची, "सरकारमान्य आहे." तो नंबर खाण्याच्या वस्तूंचा असतो, त्याने रोग बरा होतो असा अर्थ होत नाही. पाळीच्या तक्रारी आणि गर्भाशयाचे रोग बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, पॅडमुळे नाही. पांढरं पाणी थोडं जाणं हा रोग नाही. खाज असली, वास येत असला, रंग बदलला तर सिस्टरला सांगा. आणि लोहाच्या लाल गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. आमच्या अकरा जणींचे ५२,८०० रुपये गेले तेव्हा त्या गोळ्या आशाताईच्या पिशवीतच होत्या.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. बिल नसल्यामुळे अडचण आहे, म्हणून डबे, रिपोर्ट, फोनवरचे मेसेज सगळं जपून ठेवलं आहे. ताई आता फोन उचलत नाही. दुसऱ्या तालुक्यात शिबिरं चालू आहेत असं ऐकते, म्हणून हे लिहिते आहे.

मोठ्या जाऊबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांची पिशवी सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढली आहे. त्यांच्याही रिपोर्टमध्ये 'गर्भाशयाला सूज' होतं. मला हे समजलं गेल्या महिन्यात. मी विचारलं, "जाऊबाई, तुम्ही तेव्हाच काहून नाही बोलल्या?" त्या म्हणाल्या, "मले वाटलं, मशीन कायले खोटं बोलन? डॉक्टरनंच पैसे घेतले अन् पिशवी तशीच ठेवली असन." चार महिने ही बाई मनात तेच घेऊन निंदायला जात होती. मी त्यांच्या पेटीतून ऑपरेशनचा जुना कागद काढला आणि पोरीकडून मोठ्याने वाचून घेतला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.