ब्रास मोजून तास सांगणारे पोकलेनवाले

रत्नागिरीतल्या पावस गावाजवळच्या आमच्या बागेत आंब्याच्या पॅकिंग शेडसाठी उतारावरची जागा सपाट करून घेतली. काम केलं ते नाक्यावरच्या पोकलेनवाल्या दादांनी. मशिनं काय, हल्ली गावोगाव आहेत. मला आवडला तो त्यांचा हिशोब.

आधी दोघांना विचारलं होतं. दोघांनी गडग्याबाहेरूनच जागा बघितली, तासाचा दर सांगितला आणि "चार दिवसांत उरकतो, वहिनी" म्हणून मोकळे झाले. चार दिवस कशावरून, ते कुणी सांगेना. दादांना दर विचारला तर म्हणाले, "आधी ब्रास काढूया, मग तासांचं बोलू." ब्रास म्हणजे 100 घनफूट माल. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली, फक्कीच्या खुणा केल्या, पहारीने दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन माती कुठे संपते नि जांभा दगड कुठे लागतो ते बघितलं.

जागा 100 बाय 60 फूट, कटिंग सरासरी 5 फूट. झाले 30,000 घनफूट, म्हणजे 300 ब्रास. वरची 2 फूट लाल माती, ती 120 ब्रास. खालचा जांभा 180. पण जमिनीतला ब्रास आणि डंपरमधला ब्रास एक नव्हे. खणलं की माल फुगतो. मातीला त्यांनी 25 टक्के फुगवटा धरला, फोडलेल्या जांभ्याला 40. वाहायचा माल झाला 400 ब्रास, म्हणजे 4 ब्रासच्या दहा चाकी डंपरच्या 100 फेऱ्या.

खरी गंमत पुढे आहे. 20 टनी पोकलेनची बकेट 0.9 घनमीटरची, साधारण 32 घनफूट. ती दरवेळी पूर्ण भरत नाही, म्हणून एका डंपरला 14 बकेट धरायच्या. भरणं, वळणं, ओतणं, परत येणं यात बावीसेक सेकंद जातात. डंपर भरायला पाच मिनिटं. माल टाकायचा होता खालच्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, आमच्याच पडीक जागेत. जाऊन, ओतून, परत यायला 20 मिनिटं. फेरी झाली 25 मिनिटांची. आणि तास 60 मिनिटांचा नाही, 50 चा धरायचा. डंपर रिव्हर्स घेतो, ऑपरेटर पाणी पितो, ग्रीसिंग असतं. दोन डंपर लावले तर तासाला 4 फेऱ्या, भराईला 25 तास. तीन लावले तर 6 फेऱ्या, 17 तास. मशिन डंपरची वाट बघत उभं राहिलं तरी त्याचा तास चालूच असतो. तिसऱ्या डंपरचं भाडं मला जड वाटत होतं. कागद बघितल्यावर मीच "लावा" म्हटलं.

जांभ्याला ब्रेकर, म्हणजे बकेटच्या जागी लावायचा दगडफोड्या हातोडा, लागणारच होता. त्यांनी तासाला 6 ब्रास धरले, 180 ब्रासला 30 तास. एकूण 47. रोज 8 तास धरले तर सहा दिवस. मीटरवर भरले 51. मध्ये वळीव पडला, ओली लाल माती बकेटला चिकटून बसली, ती खरवडण्यात वेळ गेला. चार तास जास्त का लागले, हेही त्यांनी तारखेसकट लिहून दिलं.

ऑपरेटरबद्दल सांगायलाच हवं. तो मशिन वरच्या टप्प्यावर ठेवायचा आणि डंपर खाली, अगदी बगलेला घ्यायचा. बूम, म्हणजे मशिनचा हात, फार उचलावा लागत नाही, वळणं थोडं, सेकंद वाचतात. जांभ्याचे मोठे धोंडे न सांगता गडग्यासाठी बाजूला काढून ठेवले. अशी माणसं जपायला हवीत.

उणीव एकच, पण छोटी नाही. मशिन आणायच्या ट्रेलरचं भाडं आणि ब्रेकर-बकेट बदलण्याचा वेळ अंदाजाच्या कागदावर नव्हता. दोन्ही बिलाच्या वेळी कळलं. हे आधी लिहायला हवं होतं, मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंही.

तासाचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, तरी मी पुढचं काम यांनाच देणार. तुम्ही बोलवाल तेव्हा गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून आधी काढून ठेवा, डंपर फिरवायला जागा आहे का ते बघा, आणि दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा. मे महिन्यात सगळ्यांनाच पावसाआधी काम उरकायचं असतं, तेव्हा यांचं मशिन मोकळं मिळत नाही.