गिअरबॉक्सच्या नावाखाली ३८ हजार गेले

श्रावणात घरच्यांना घेऊन कासला निघालो होतो. यवतेश्वरच्या घाटात गाडीने झटका दिला, इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गिअर बदलेचना. गाडी ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. कशीबशी वळवून साताऱ्यात आणली आणि हायवेलगतच्या एका गॅरेजात लावली.

तिथे स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. पी०७१५ असा बिघाडाचा कोड आला. "साहेब, गिअरबॉक्स गेला. आत्ता केलं नाही तर दीड लाखावर जाईल." गाडीत म्हातारी आई बसलेली, बाहेर पाऊस. मी हो म्हणालो.

चार दिवसांनी गाडी मिळाली. दिवा विझलेला, बिल ३८ हजारांचं, त्यावर फक्त 'गिअरबॉक्स काम'. जुना पार्ट मागितला तर एक तेलकट सेन्सर हातात ठेवला.

आठव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. गॅरेजवाला म्हणाला, "हा वेगळा फॉल्ट आहे, परत खोलावं लागेल." तेव्हा डोक्यात पाल चुकचुकली.

गोडोलीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आधी त्या कोडमधल्या सेन्सरचं कनेक्टर, म्हणजे वायरचा प्लग, काढलं. आत पिनेवर हिरवट गंज आणि मागे उंदराने कुरतडलेली वायर. मीटर लावून वायर जरा हलवली की कनेक्शन तुटायचं. वायर जोडली, पिना साफ केल्या, ६०० रुपये घेतले. मग म्हणाला, "दादा, खाली वाकून बघा." गिअरबॉक्सच्या चेंबरच्या, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याच्या, बोल्टांवर जुना चिखल तसाच वाळून घट्ट बसलेला. पाना लागलाच नव्हता! आणि मला दिलेल्या 'जुन्या' सेन्सरला तीन पिना. माझ्या गाडीचं कनेक्टर दोन पिनांचं.

पी०७१५ चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. सर्किट म्हटलं की सेन्सर, वायर, कनेक्टर सगळं आलं. गिअरबॉक्स गेला असं तो कोड सांगत नाही. आणि स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा विझतो. दोष तसाच असेल तर पुन्हा लागतो. मला तेवढंच विकलं होतं.

म्हणून सांगतो, कोड कागदावर लिहून घ्या, वायरिंग आणि कनेक्टर समोर तपासायला लावा, आणि गाडी सोडण्याआधी बोल्टांचे फोटो काढा. मी ते काम झाल्यावर काढले. ते फोटो, बिल आणि तो तीन पिनांचा सेन्सर जपून ठेवलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.