मोठं दुकान की वेचक दुकान: गेमची लायब्ररी कुठे जमवावी?

पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांपैकी स्टीम घ्यावं की जीओजी, असं कुणी विचारलं की उत्तरं सहसा सेल, क्लाउड सेव्ह (खेळाची प्रगती ऑनलाइन साठवणं) आणि मित्रमंडळी कुठे आहेत यावरून दिली जातात. ते तुम्हाला माहीत असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. माझ्या मते खरा फरक आहे तो दाराशी. आत कुठला गेम घ्यायचा, हे ठरवतं कोण?

स्टीमवर 2017 सालापासून ‘स्टीम डायरेक्ट’ ही गेम विक्रीला ठेवायची पद्धत आहे. त्याआधीच्या ‘ग्रीनलाइट’मध्ये निदान खेळाडूंची मतं घेतली जायची. आता डेव्हलपरने, म्हणजे गेम बनवणाऱ्याने, गेममागे 100 डॉलर भरायचे, जुजबी तपासणी व्हायची आणि गेम विक्रीला लागायचा. गेमने 1,000 डॉलरची कमाई केली की भरलेले 100 डॉलरही परत मिळतात. अलीकडे तिथे वर्षाला दहा हजारांहून जास्त नवे गेम येतात. जीओजी 2008 मध्ये सीडी प्रोजेक्टने सुरू केलं, तेही जुने गेम नव्या पीसीवर नीट चालावेत या हेतूने. पुढे नवे गेमही आले, पण कुठला घ्यायचा आणि कुठला नाही हे अजूनही तिथली माणसं ठरवतात.

उघड्या दाराचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’चंच बघा. साधे पिक्सेल, स्वतःहून होणारे हल्ले, किरकोळ किंमत. नुसता स्क्रीनशॉट पाहून निवड करणाऱ्याने तो बाजूला सारला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. त्याच गेमला 2023 मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. उलट निवड करणारेही चुकतात. ‘ओपस मॅग्नम’सारखा अप्रतिम कोड्यांचा गेम जीओजीने 2017 मध्ये आधी नाकारला आणि खेळाडूंनी नाराजी दाखवल्यावर मग घेतला. निवड म्हटली की कुणाची तरी आवडनिवड आलीच.

तरीही माझा कौल जीओजीकडे फिरला तो एका कटकटीमुळे, आणि ती म्हणजे शोधाशोध. रात्री सगळं आटोपल्यावर खेळायला तासभर मिळतो. अशाच एका रात्री एका मोठ्या दुकानात मी छोटासा भीतीदायक गेम शोधत होतो, जंगलातलं एकटं घर वगैरे. दुकानाचं नाव घेत नाही. जिथे दार सताड उघडं आहे तिथे, कन्सोल आणि मोबाइलवरसुद्धा, थोड्याफार फरकाने हेच दिसतं. पहिल्या गेमच्या चित्रात लाकडी घर होतं, डावीकडच्या खिडकीची काच फुटलेली, पायरीवर कंदील. थोडं खाली गेलो तर दुसऱ्याच नावाच्या गेममध्ये तेच घर. आणखी खाली एका गेममध्ये बर्फ पडत होता, पण काच डावीकडचीच फुटलेली आणि कंदील त्याच पायरीवर.

तयार अ‍ॅसेट (गेममध्ये वापरायची आयती चित्रं, वस्तू, आवाज) विकत घेण्यात वावगं काही नाही, चांगले डेव्हलपरही घेतात. इथे मात्र घर, झाडं, पावलांचे आवाज सगळं आयतं आणून वर फक्त नाव डकवलं होतं. प्रत्येकावर भरघोस सवलत, वर्णनात तीच तीच वाक्यं, रिव्ह्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग ट्रेलर बघा, त्या डेव्हलपरने आधी काय केलंय ते बघा, रिव्ह्यू लिहिणारा मुळात किती वेळ खेळलाय ते बघा. म्हणजे दुकानाने करायची पारख मी करत बसलो होतो. शेवटी एक बरा गेम सापडला, पण तोवर झोपायची वेळ झाली होती.

यावर कुणी म्हणेल, रिफंड आहे की. आहे, आणि चांगला आहे. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. जीओजीवर 2020 पासून ही मुदत 30 दिवसांची आहे आणि गेम खेळून पाहिला असला तरी चालतं. पण पैसे आले तरी तो तास गेला तो गेलाच. जीओजीवर मी एखादा प्रकार निवडून यादी खाली सरकवतो, तेव्हा न आवडणारे गेम भेटतात, पण कुणीतरी मन लावून केलेले असतात. एवढ्यावरच माझा अर्धा वेळ वाचतो. शिवाय इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवायची फाइल, उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो, हे माझ्यासारख्या साठवून ठेवणाऱ्याला फार मोलाचं वाटतं.

अर्थात हा माझ्या वेळेचा आणि आवडीचा हिशेब आहे. तुम्हाला नवनवीन इंडी (छोट्या, स्वतंत्र मंडळींनी केलेले) गेम उकरून काढण्यातच मजा वाटत असेल, किंवा एखाद्या आडवळणाच्या प्रकारातला प्रत्येक गेम हवा असेल, तर स्टीमला पर्याय नाही. टॅग आणि रिव्ह्यूंची तिथली सोय मोठी आहे. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे गेम मीही तिथूनच घेतो. आणि काही गेमचे पॅच, म्हणजे नंतरच्या दुरुस्त्या, जीओजीवर उशिरा पोचतात, हेही लक्षात ठेवा.

पण एकट्याने, निवांत, कथेचे किंवा जुन्या वळणाचे गेम खेळणार असाल तर आधी जीओजीकडे बघा, असं मी सुचवेन. तुमच्या विशलिस्टमधले वरचे दहा गेम तिथे शोधा. सहा-सात सापडले तर लायब्ररी तिथेच सुरू करा, आणि उरलेल्यांसाठी स्टीमचं खातं उघडायला पैसे पडत नाहीतच.