पाळीपाळीने चालणारं पोळी-भाजी केंद्र

चिंचवडगावातलं बचत गटाच्या बायकांचं पोळी-भाजी केंद्र मी सगळ्यांना सुचवतो. घडीची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, भाजीत तेल बेताचं असतं. भरली वांगी तिखट, लहान मुलांना नकोत.

पण लिहावंसं वाटलं ते तिथली कामाची पद्धत बघून. मी भोसरीच्या एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर सुपरवायझर होतो. दिवसभर एकच बोल्ट आवळणाऱ्या माणसाचं दुपारनंतर मनगट भरून येतं, लक्ष उडतं आणि चुका व्हायला लागतात, म्हणून आम्ही जागा बदलून द्यायचो. इथे दर सोमवारी पाळी बदलते. भाजी चिरणारी लाटायला बसते, लाटणारी तव्यावर जाते, तव्यावरची गल्ल्यावर बसते. मजुरी सगळ्यांना सारखी, त्यामुळे कुठलंच काम हलकं ठरत नाही.

गल्ल्याची पाळी मला सगळ्यात मोलाची वाटते. मागच्या आठवड्यात तव्यावर असलेल्या बाईला गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, "परवा पोळ्या वातड होत्या हो." रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात कामाची ओढ कशाने वाढते ते मांडलं. त्यात कामातल्या वैविध्याबरोबर आपलं काम कसं झालं हे कळण्यालाही जागा होती. आमच्या लाइनवर वैविध्य मिळायचं, पण पोरांनी जोडलेली गाडी रस्त्यावर कशी चालते, हे त्यांना कोणी सांगत नसे. इथे ते रोज कळतं, आणि पुढच्या पाळीला पोळी सुधारलेली असते.

सोमवारी मात्र पोळ्या जरा जाड होतात आणि रांग हळू सरकते. नवा हात बसायला दिवस-दोन दिवस लागतातच. मसाल्याचं काम त्या पाळीने फिरवत नाहीत, हेही बरोबर आहे. ज्या ताईंचा हात बसलाय त्याच भाजतात, दुसरी शेजारी उभी राहून शिकते. एका मावशींना हिशेबाची धास्ती होती, तर त्यांना एकटं न बसवता सुरुवातीला कोणीतरी सोबत बसायचं. आता सुट्टे पैसे त्या भराभर मोजतात आणि मोठ्या ऑर्डरीही स्वतःच घेतात.

अकराच्या आत गेलात तर सगळ्या भाज्या मिळतात. पुरणपोळी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि मोठी ऑर्डर सोमवारी देऊ नका.