खिशातला इंग्रजी-मराठी कोश: ‘फेअर’ या एका शब्दावर पारख

जळगाव, धुळे, नंदुरबारला बसस्टँडवरच्या स्टॉलवर आणि अभ्यासिकांच्या आसपास तळहाताएवढा इंग्रजी-मराठी कोश मिळतो. तलाठी, पोलीस भरती, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं बहुतेक हाच उचलतात. किंमत परवडते, उच्चार देवनागरीत असतो आणि मागे समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची यादी जोडलेली असते. प्रकाशकाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या मापाच्या कुठल्याही कोशाला हीच पारख लावता येते.

कोश तपासायचा तर अवघड शब्द काढू नका. अवघड शब्दाला बहुधा एखादाच अर्थ असतो, तो छापायला अक्कल लागत नाही. रोजचा शब्द काढा. एफ-ए-आय-आर, फेअर. या कोशात त्याच्यापुढे एका दमात लिहिलंय: गोरा, सुंदर, न्यायी, योग्य, स्वच्छ, जत्रा. एकही अर्थ खोटा नाही, पण कुठला कुठे वापरायचा याचा पत्ता नाही. नुसते स्वल्पविराम, ना क्रमांक, ना नाम-विशेषणाची खूण, ना उदाहरण.

मुळात या दोन वेगळ्या नोंदी हव्यात. जत्रेचा फेअर लॅटिन ‘फेरिया’वरून फ्रेंचमार्गे आला. गोरा, सुंदर, न्यायी हे अर्थ असलेला फेअर जुन्या इंग्रजीतल्या ‘सुंदर’ अर्थाच्या शब्दाचा. पुढे स्पेलिंग एक झालं, एवढंच. सारंगखेड्याचा घोडेबाजार म्हणजे हॉर्स फेअर आणि रेशन दुकान म्हणजे फेअर प्राइस शॉप, पण या दोन फेअरचं गोत्र वेगळं. ज्या कोशात दोघांपुढे १ आणि २ असे आकडे दिसतील, तो कोश निदान कुणीतरी बसून केलेला आहे असं समजा.

खरी गफलत मात्र जे छापलंच नाही त्यात आहे. ‘बेताचा, मध्यम’ हा अर्थ या नोंदीत नाही, आणि खान्देशात तोच सगळ्यात जास्त कानावर पडतो. कापूस खरेदी केंद्रावरचा ‘एफएक्यू’ म्हणजे फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. इथे फेअर म्हणजे सुंदर नव्हे की न्यायीही नव्हे. सर्वसाधारण, चालण्याजोगा माल. हा अर्थ ठाऊक नसला की शेरे वाचतानाही घोळ होतो. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर या उतरंडीत फेअर तिसरा येतो. ‘हिज वर्क इज फेअर’चं भाषांतर ‘त्याचं काम छान आहे’ असं केलं की गुण गेलेच. ‘अ फेअर अमाउंट’ म्हणजे बऱ्यापैकी रक्कम, ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. पण ‘ट्रीटेड फेअरली’ म्हणजे न्यायाने वागवलं. हे तिन्ही इथे गायब.

मागची समानार्थी यादी तर नुसती भेळ. जस्ट, ब्यूटिफुल, ब्लाँड, क्लिअर, मॉडरेट, सगळे एका रांगेत. पीटर रॉजे यांनी १८५२ साली थिसॉरस, म्हणजे इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश, काढला तेव्हा शब्द अर्थाच्या गटांत लावले होते, ते उगाच नाही. गट मोडले की ‘अ फेअर जज’ची जागा ‘अ ब्लाँड जज’ घेतो आणि निःपक्षपाती न्यायाधीश भुऱ्या केसांचा होतो. परीक्षेत वाक्य दिलेलं असेल तर फेअर ज्याला लागलाय ते नाम आधी पकडा. निर्णय, पंच, वागणूक असेल तर जस्ट किंवा इम्पार्शल. केस किंवा त्वचा असेल तर लाइट. ब्लाँड प्रामुख्याने केसांना. हवामान असेल तर फाइन, क्लिअर. दर्जा असेल तर अ‍ॅव्हरेज, पासेबल. विरुद्धार्थीही तसेच बदलतात: पंचाला अनफेअर, वर्णाला डार्क, फेअर कॉपीला रफ. कोशात फक्त अनफेअर दिलाय.

देवनागरी उच्चाराची सोय चांगली, पण तिचाही एक तोटा आहे. एसटीचं भाडं तो एफ-ए-आर-ई, त्याचाही उच्चार फेअरच. दोन्ही नोंदींत ‘तो दुसरा पाहा’ एवढी सूचना हवी होती.

मग घ्यावा का? आठवी-नववीच्या पोराला अनोळखी शब्द चटकन बघायला चालेल. स्पर्धा परीक्षेला पुरणार नाही. त्यासाठी शिकणाऱ्यांकरता केलेला, उदाहरणं असलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, जुना मिळाला तरी हरकत नाही. फोनमधल्या भाषांतराला एकटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या, म्हणजे अर्थ पुष्कळदा बरोबर येतो.

हाच घ्यायचा असेल तर स्टॉलवरच सगळी पानं भराभर उलटून पृष्ठक्रमांक बघा. अशी पुस्तकं फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधतात. एखादा फर्मा दोनदा लागतो आणि त्याच्या शेजारचा गळतो. मग सोळा पानांचे शब्दच नसतात, आणि स्टँडवरचा दुकानदार दुसऱ्या दिवशी बदलून देईलच असं नाही.